वडिलांची कीर्तनं आरडब्ल्यू डिस्कवर ठेवू का?

पत्र : माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या चाळीसेक कॅसेट माझ्याकडे आहेत. मुलानं यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर घेऊन दिला आणि भाच्यानं तपकीर गल्लीतून सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूचे खोके आणले. 'मावशी, चुकलं तर पुसून परत लिहिता येतं,' म्हणाला. दुकानदार म्हणे, साध्या डिस्कमध्ये आणि हिच्यात फरक फक्त किमतीचा. एक कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन मी सीडी-आरडब्ल्यू केली. ती कॉम्प्युटरवर छान वाजते, पण हॉलमधल्या जुन्या म्युझिक सिस्टिमवर 'नो डिस्क' येतं. आमच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीनं मंडळाचा हिशेब आणि भजनांच्या वह्यांचे स्कॅन अशाच डिस्कवर ठेवले होते, ते एक दिवस दिसेनासे झाले. तेव्हापासून धास्ती बसली आहे. मी घरी गाणं शिकवते, त्यामुळे शिकवणीची रेकॉर्डिंगंही असतात. या डिस्कवर विश्वास ठेवावा का? कशावर काय ठेवू?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी दोन गोष्टी सांगते. कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. आणि वडिलांची कीर्तनं आरडब्ल्यूवर ठेवू नका. भाच्यानं आणलेले खोके वाया जाणार नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. ते पुढे येईलच.

दुकानदाराचं म्हणणं बरोबर नाही. फरक डिस्कच्या पोटातला आहे. साध्या सीडी-आर किंवा डीव्हीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो. लेझर तो जागोजागी कायमचा बदलतो आणि झालेला बदल परत फिरत नाही. आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्य नसतं, मिश्रधातूचा पातळ थर असतो. सीडी-आरडब्ल्यूत सहसा चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचं मिश्रण असतं. लेझरनं तो थर एखाद्या ठिपक्यापुरता ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड होऊ दिला की तिथली स्फटिकांची रचना मोडते आणि तो ठिपका कमी चमकतो. तोच ठिपका सुमारे २०० अंशांपर्यंत तापवला की रचना पुन्हा जुळते. लिहिणं आणि पुसणं म्हणजे एवढंच. सीडी-आरडब्ल्यू किंवा डीव्हीडी-आरडब्ल्यूवर असं साधारण हजार वेळा करता येतं, असं उत्पादक सांगतात.

तुमच्या जुन्या सिस्टिमचं कोडंही इथेच सुटतं. कारखान्यात छापलेली सीडी लेझरचा ७० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते आणि सीडी-आर जवळजवळ तितकाच. सीडी-आरडब्ल्यू मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के परत पाठवते. ही डिस्क बाजारात आली १९९७ मध्ये. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक प्लेअरना इतका मंद प्रकाश वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या लेखी आत डिस्कच नसते. तुमची सिस्टिम बिघडलेली नाही आणि तुम्ही डिस्कही चुकीची केलेली नाही. सिस्टिमच्या पुस्तिकेत किंवा पुढच्या पट्टीवर 'सीडी-आरडब्ल्यू' किंवा 'मल्टीरीड' असं लिहिलेलं असेल तरच तिच्याकडून अपेक्षा ठेवा. डीव्हीडी तर फक्त सीडीसाठी बनलेल्या सिस्टिमवर कधीच वाजणार नाही. तिचा लेझर वेगळा असतो आणि डिस्कवरच्या खुणाही जास्त बारीक असतात.

हॉलमध्ये बसून वडिलांचं कीर्तन ऐकायचं असेल तर साधी सीडी-आर घ्या आणि ती 'ऑडिओ सीडी' म्हणून राइट करा. नुसत्या एमपी३ फाइल डिस्कवर ओढून टाकल्या तर जुनी सिस्टिम त्याही वाचणार नाही. ऑडिओ सीडीवर ८० मिनिटं मावतात, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट एका सीडीत बसत नाही. कीर्तन मधेच कुठेतरी तोडू नका. पूर्वरंग एका सीडीवर आणि उत्तररंग दुसऱ्या सीडीवर घ्या. मधला नामगजर कुठल्या बाजूला ठेवायचा ते तुमच्या कानाला विचारा. निरूपणाचे आणि पदांचे वेगवेगळे ट्रॅक केलेत तर हवं ते पद पटकन लावता येईल.

ही ऐकायची सीडी झाली. जपायची प्रत वेगळी आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. ऑडिओ सीडीवर आवाज थेट लिहिलेला असतो आणि चुका दुरुस्त करण्याची सोय मर्यादित असते. ओरखडा मोठा असला की हरवलेला आवाज प्लेअर अंदाजानं भरून काढतो, आणि तसं झालेलं कित्येकदा आपल्या लक्षातही येत नाही. फाइल म्हणून लिहिलेल्या डेटा डिस्कवर प्रत्येक तुकड्यात दुरुस्तीसाठी जास्तीची माहिती असते. म्हणून ती फाइल एकतर जशीच्या तशी परत मिळते, नाहीतर कॉम्प्युटर स्पष्ट सांगतो की वाचता येत नाही. जपणुकीसाठी हा स्पष्टपणा फार मोलाचा आहे. बिघाड वेळेत कळला तर दुसऱ्या प्रतीवरून नवी करता येते.

तेव्हा जपायची प्रत डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या, आवाज न कापता साठवणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. सीडीच्या दर्जाचा डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट सुमारे ६०० एमबी. फ्लॅकमध्ये तोच आवाज, एक कणही न गमावता, अंदाजे निम्म्या जागेत बसतो. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर अशा सात कॅसेटचे डब्ल्यूएव्ही मावतील, फ्लॅक केल्यास जवळपास दुप्पट. चाळीस कॅसेटना फ्लॅकच्या तीन-चार डीव्हीडी पुरतील. एमपी३ नातवंडांना फोनवर पाठवायला चांगला आहे, पण त्यात कापला गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून फक्त एमपी३ ठेवून थांबू नका.

कॅसेट उतरवण्याबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही ते सुरू केलेलंच आहे. डेकचं हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. वायर डेकच्या लाइन-आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये द्या, माइकच्या भोकात नको. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी अशी ठेवा की वडिलांचा चढा सूर लागला तरी पट्टी लाल होणार नाही. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. खरखर काढायचा मोह होईल, तो मूळ प्रतीवर करू नका. त्या खरखरीबरोबर झांजेची झळाळी आणि श्रोत्यांचा हुंकारही निघून जातो. स्वच्छ केलेली प्रत हवी तर वेगळी करा.

आता यासाठी कुठली डिस्क घ्यायची? चांगल्या कंपनीची डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर, एकदाच लिहिता येणारी. तुमच्या रायटरवर 'एम-डिस्क' असा शिक्का असेल तर त्या डिस्क घ्याव्यात असं मी आग्रहानं सांगेन. त्यांत रंगद्रव्याऐवजी खनिजासारखा टिकाऊ थर असतो आणि प्रकाशाचा व दमटपणाचा त्रास त्याला फार कमी होतो. महाग असतात, पण तीन-चार डिस्कचाच प्रश्न आहे. शिक्का नसेल तर डीव्हीडी प्रकारातली एम-डिस्क त्या रायटरवर लिहिली जाणार नाही.

आरडब्ल्यूला मी एवढा विरोध का करते? एक कारण तिच्या थरात आहे. पुन्हा बदलता यावा म्हणूनच तो थर बनवलेला असतो, त्यामुळे उष्णता त्याला जास्त बाधते. पण खरा धोका माणसाकडून असतो. पुसायची सोय असलेली डिस्क कधीतरी पुसली जाते. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी नावाविना पडलेली डिस्क रायटरमध्ये घालतं, कॉम्प्युटर विचारतो 'पुसू का?' आणि बोट 'हो'वर पडतं. एकदाच लिहिता येणाऱ्या, बंद केलेल्या डिस्कवर हा अपघात होऊ शकत नाही. म्हणून राइट करताना 'फायनलाइज' किंवा 'क्लोज डिस्क'चा पर्याय असेल तर तो जरूर निवडा.

भाच्याच्या खोक्यांचं काय करायचं? गाण्याची शिकवणी. शिष्येला आज दिलेला पलटा, पुढच्या आठवड्यातली बंदिश, तिच्या पट्टीचा तंबोरा हे सगळं सीडी-आरडब्ल्यूवर घालून द्या. ते पक्कं झालं की डिस्क परत मागवा, पुसा, पुढचं भरा. तिच्या घरच्या प्लेअरला ती चालते का, एवढं आधी पाहून घ्या. वडिलांच्या ऑडिओ सीडीची तालीमही आरडब्ल्यूवर करता येईल. ट्रॅक कुठे तोडले, दोन पदांमध्ये शांतता किती सोडली, हे कॉम्प्युटरवर ऐकून ठरवा. मनासारखं झालं की मग सीडी-आरवर उतरवा. ऑडिओ सीडी-आरडब्ल्यूवर मधलं एकच गाणं बदलता येत नाही, सगळी डिस्क पुसून नव्यानं लिहावी लागते, हे लक्षात ठेवा.

महिन्याच्या महिन्याला बदलणारा मंडळाचा हिशेब डीव्हीडी-आरडब्ल्यूवर ठेवायला हरकत नाही, पण ती दुसरी प्रत म्हणून. पहिली कॉम्प्युटरवर असलीच पाहिजे. या कामासाठी नवी डिस्क घेताना खोक्यावर 'आरडब्ल्यू'च्या आधी अधिकचं चिन्ह आहे की वजाबाकीचं, ते बघा. डीव्हीडी+आरडब्ल्यूवर जुन्या मजकुरावरच नवा लिहिता येतो. वजाबाकीवालीला सहसा आधी पुसावं लागतं. तुमचा रायटर बहुधा दोन्ही लिहील. सीडी-आरडब्ल्यू घेताना वेगही पाहा. त्यांचे साधा, हाय स्पीड आणि अल्ट्रा स्पीड असे वर्ग असतात आणि जुन्या रायटरला अल्ट्रा स्पीड डिस्क लिहिता येत नाही. तुमचा रायटर नवा आहे, त्यामुळे तुम्हाला हे अडणार नाही, पण मंडळातल्या कुणाकडे जुना कॉम्प्युटर असेल तर दुकानात याच गोष्टीवर घोळ होतो. ब्लू-रेच्या पुसता येणाऱ्या डिस्कही असतात, २५ जीबीच्या. त्यांना वेगळा रायटर लागतो. तुम्हाला त्यात पडायची गरज नाही.

कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ही डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची आहे की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. सगळा गोंधळ या एका प्रश्नातून सुरू होतो. पहिला पर्याय सोयीचा वाटतो, कारण फाइल ओढली की गेली, नको असेल तर डिलीट. पण त्यात डिस्कवरची फाइलींची यादी सारखी बदलत असते. लिहिणं चालू असताना वीज गेली, यूएसबीची वायर हलली किंवा 'इजेक्ट' न करता रायटर उपसला, तर फाइल जागेवर असूनही यादी तुटते आणि डिस्क रिकामी दिसते. शिवाय सीडी-आरडब्ल्यू अशी फॉरमॅट केली की शंभराहून जास्त एमबी जागा त्यातच जाते. दुसऱ्या पर्यायात सगळ्या फाइल आधी जमवायच्या आणि मग एकदम लिहायच्या. मी हाच पर्याय सुचवते, आरडब्ल्यूसाठीसुद्धा. हिशेब बदलला तर डिस्क पुसून सगळं पुन्हा लिहा. चार मिनिटं जास्त जातील, पण ती डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल.

पुसण्याचेही दोन प्रकार आहेत. 'क्विक इरेज' फक्त डिस्कवरची यादी काढून टाकतो, मजकूर आत तसाच राहतो. 'फुल इरेज' सगळा थर पूर्ववत करतो, त्याला वेळ लागतो. घरच्या घरी वापरायला क्विक पुरे. डिस्क पुन्हा पुन्हा चुका देऊ लागली तर एकदा फुल करून पाहा आणि तरीही सुधारली नाही तर टाकून द्या. पण मंडळाच्या खात्याची, वर्गणीदारांच्या नाव-नंबरांची डिस्क दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर फुल इरेजशिवाय देऊ नका. टाकून द्यायची असेल तर फडक्यात गुंडाळून कात्रीनं तुकडे करा, कपचे डोळ्यात उडतात.

राइट करताना रायटरचा सर्वांत जास्त वेग निवडू नका, मधला घ्या. 'व्हेरिफाय'ची खूण नेहमी करा. इमेजबर्न या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. त्यानंतर डिस्क दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर घालून सुरुवातीची, मधली आणि शेवटची फाइल ऐका. डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि बाहेरच्या कडेला खोट निघण्याची शक्यता जास्त, म्हणून शेवटची फाइल ऐकायला विसरू नका.

ठेवायचं कुठे? आतल्या भिंतीच्या कपाटात, टणक डबीत, उभ्या. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती डिस्कला चिकटतात. टीव्हीवर, खिडकीपाशी, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. वर कागदी लेबल चिकटवू नका. एकतर तोल जातो आणि लेबल सुटताना वरचा थर घेऊन येतं. सीडीचं नाजूक अंग नावाच्या बाजूला असतं, चकचकीत बाजूला नाही. तिथे मजकुराचा थर आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये लाखेसारखा पातळ लेपच असतो. नाव लिहायचं तर सीडी मार्करनं, मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन नको. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कपड्यानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका.

आणि दोन प्रती दोन घरांत. तुम्ही सहकारनगरच्या आहात, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्हाला सांगायला नको. आंबिल ओढ्याचं पाणी ज्या तळमजल्यांत शिरलं, तिथली कपाटं, फोटो, कागद एका रात्रीत गेले. २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. संस्थेवरही अशी वेळ येते, तर आपण सगळं एका कपाटात का ठेवावं? एक संच तुमच्याकडे, एक मुलाकडे किंवा भाच्याकडे, आणि शिवाय सगळ्या फाइल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क बंद पडते आणि डिस्क खराब होते, पण दोन्ही एकदम जायची शक्यता कमी. दरवर्षी एखादा ठरलेला दिवस धरून, वडिलांच्या पुण्यतिथीला म्हणा, प्रत्येक डिस्क घालून ऐका. अडखळली तर त्याच आठवड्यात दुसऱ्या संचावरून नवी करा.

नव्या डिस्क घेताना सीलबंद खोका घ्या, सुटी चळत नको. भारतात एकेकाळी घरोघरी असलेल्या मोझर बेअरच्या डिस्क अजून कुठेतरी दिसतात. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, म्हणजे तो साठा जुना आहे. जपणुकीच्या कामाला नको. सोनीनं लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. बाजार आटतो आहे, तेव्हा लागणाऱ्या चांगल्या डिस्क आणि जमलं तर एक जास्तीचा रायटर आत्ताच घेऊन ठेवा. पुढे डिस्क शाबूत आणि वाचायला यंत्र नाही, अशी वेळ येऊ शकते. म्हणूनच हार्ड डिस्कवरची प्रत दर काही वर्षांनी त्या वेळच्या नव्या साधनावर हलवत राहा.

राहिली तुमच्या मैत्रिणीची डिस्क. तिच्यावर आता काहीही लिहू नका आणि कॉम्प्युटरनं 'फॉरमॅट करू का?' विचारलं तर 'नाही' म्हणा. आधी ती जिथे लिहिली होती त्याच रायटरवर पाहा, नाही दिसली तर दुसऱ्या दोन-तीन ड्राइव्हवर. डिस्कची लिहिण्याची बाजू उजेडात तिरकी धरलीत तर भरलेला भाग आणि कोरा भाग यांच्या छटेत थोडा फरक दिसतो. भरलेलं कडं दिसत असेल तर बहुधा फक्त यादी तुटली आहे. आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अशा डिस्क यादीशिवाय चाळून आतल्या फाइल शोधतं. काय सापडतं ते त्यात मोफत दिसतं, बाहेर काढण्यासाठी पैसे भरावे लागू शकतात. वह्यांचे स्कॅन दिसले तर ते पैसे जरूर भरा. मूळ वह्या अजून कुणाकडे असतील तर डिस्कच्या मागे लागण्याआधी त्या मागवून घ्या, आणि या वेळी स्कॅन डीव्हीडी-आरवर ठेवा.